पाटीच्या कपच्यांवरून शाळेचा माग

ओल्या मातीत कागद, लाकूड, कापड दोनशे वर्षं सहसा टिकत नाही. पाटीची कपची आणि पाटीवरच्या पेन्सिलीचं थोटूक मात्र दगडाचंच, त्याला कुजणं ठाऊक नाही. न्यूझीलंडमधल्या पहिल्या मिशनरी शाळेबद्दल जमीन काही सांगू शकते, ती अशा वस्तूंमुळे.

ही शाळा देशाच्या उत्तरेला, बे ऑफ आयलंड्सच्या किनाऱ्यावर होही इथे होती. डिसेंबर १८१४ मध्ये सॅम्युअल मार्सडन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तिथे मिशनचं ठाणं वसवलं, तेही रुआतारा या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, सरदाराच्या आश्रयाने. सरदार पुढच्याच मार्चमध्ये वारला. थॉमस केंडल हा ठाण्यावरचा शिक्षक. ऑगस्ट १८१६ मध्ये त्याने शाळा उघडली, तेव्हा पटावर ३३ मुलं होती. पोरं यायची ती बरीचशी जेवणासाठी! शिधा आटला की वर्ग रिकामा. १८१८ च्या अखेरीस शाळा बंदच पडली. अन्नासाठी मिशनरी माओरींवरच अवलंबून होते, म्हणजे पारडं कुणाकडे झुकलेलं होतं ते उघड आहे. ‘गोऱ्यांनी येऊन शिकवलं’ एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही ती म्हणूनच.

२०१२-१३ मध्ये ओटागो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी होहीत उत्खनन केलं. उतार कापून सपाट केलेल्या जागा, शाळेच्या इमारतीच्या खुणा, पाट्यांचे तुकडे, पेन्सिली असं बरंच हाती लागलं. पण इथे एक अडचण येते. मिशनऱ्यांची स्वतःची मुलंही पाटीवरच लिहायची. नुसती कपची पाहून ती कुणाच्या हातची, हे कसं ठरवायचं? म्हणून वस्तू कुठल्या थरात, कुठल्या घराशेजारी सापडली याची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते.

क्वचित पाटी स्वतःच बोलते. जवळच्या केरिकेरीत १८२२ मध्ये पूर्ण झालेलं मिशनचं लाकडी घर अजून उभं आहे. २००० मध्ये त्याच्या जमिनीच्या फळ्यांखाली पाट्या मिळाल्या. एकीवर रोंगो होंगी हे नाव आणि वय १६ असं कोरलेलं आहे. रोंगो म्हणजे होंगी हिका या बलाढ्य सरदाराची मुलगी. ती पुढे होने हेकेची बायको झाली. बे ऑफ आयलंड्समधल्याच कोरोरारेका गावातला ब्रिटिशांचा ध्वजस्तंभ पुन्हापुन्हा पाडणारा हेके तो हाच.