फॉर्मल नाइट आणि स्मार्ट कॅज्युअल: एक तारखेचा नियम, एक दाराचा

क्रूझचं बुकिंग झालं की पहिला वाद कपड्यांवरून होतो. कंपनीच्या माहितीत दोन शब्द शेजारी शेजारी असतात, ‘फॉर्मल’ आणि ‘स्मार्ट कॅज्युअल’. वाचणाऱ्याला वाटतं, या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या असणार. वरच्या पायरीवर सूट-टाय, खालच्या पायरीवर तेच जरा सैल. मग कुणी सातही रात्रींसाठी सूट भरतो, तर कुणी ‘कॅज्युअल म्हटलंय ना’ म्हणत टी-शर्ट आणि शॉर्ट्सवर भागवायचं ठरवतो. दोघंही एकाच जागी फसतात.

फॉर्मल नाइट ही तारीख आहे. प्रवासातल्या ठरलेल्या एक-दोन संध्याकाळी जहाज नटतं आणि फोटोवाल्यांपासून खानसाम्यांपर्यंत सगळे त्या रात्रीच्या मागे लागलेले असतात. स्मार्ट कॅज्युअल हा दाराचा नियम आहे. या रेस्टॉरंटमध्ये यायचं तर अंगावर काय हवं आणि काय चालणार नाही, एवढंच तो सांगतो. म्हणूनच बऱ्याच जहाजांवर ऐन फॉर्मल नाइटला एखाद्या स्टेकहाउसमध्ये माणसं साध्या कॉलरच्या शर्टात जेवत असतात आणि वरच्या डेकवरच्या बुफेत शॉर्ट्स घातलेली मंडळी पिझ्झा खात असतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. तारीख त्यांचीही तीच असते, फक्त दार वेगळं असतं.

आधी तारखेचं बघू. फॉर्मल नाइट पहिल्या रात्री जवळजवळ कधीच नसते, आणि त्याला कारण बॅगांचं आहे. चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच सोपवाव्या लागतात. त्या तपासून, मजल्यामजल्यावर वाटून केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी जेवणाची वेळ उलटून जाते. ज्याचा सूट अजून जहाजाच्या पोटात कुठेतरी फिरतोय, त्याला सुटात या म्हणणार कसं? शेवटच्या रात्रीही नसते, कारण तेव्हा बॅगा भरून पुन्हा बाहेर ठेवायच्या असतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवरही हाच शिरस्ता होता. तेव्हा ट्रंकांवर चिठ्ठ्या चिकटवत: केबिनमध्ये न्यायची ट्रंक वेगळी, आणि प्रवासात नको असलेली, ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ लिहिलेली, थेट तळाच्या कोठारात. पहिल्या आणि शेवटच्या रात्री जेवायला नटून जाणं तेव्हा अडाणीपणाचं समजत.

उरलेल्या रात्रींमधून निवड करताना कंपन्या सहसा समुद्रातला दिवस धरतात, म्हणजे जहाज कुठल्याही बंदराला लागत नाही तो दिवस. दिवसभर उन्हात गाव पालथं घालून सहा वाजता परतलेल्या माणसाला साडेसहाला बो टाय बांधायला लावणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे दुसरा दिवस समुद्रातला असेल तर पहिली फॉर्मल नाइट बहुधा त्याच संध्याकाळी असते. कार्निव्हल कंपनीचा हिशेब सरळ आहे: दोन ते पाच दिवसांच्या फेरीत १, सहा किंवा अधिक दिवसांच्या फेरीत २. कुनार्डच्या क्वीन मेरी २ वर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क या ७ रात्रींच्या प्रवासातही साधारण २ असतात.

आता घोळ नावांचा. ‘फॉर्मल नाइट’ हा शब्द प्रवाशांच्या तोंडी राहिला, कंपन्यांनी मात्र त्याला रंग लावून नवी नावं दिली. कार्निव्हल तिला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते, कुनार्ड ‘गाला इव्हनिंग’. सेलिब्रिटी या कंपनीने २०१५ च्या अखेरीस ‘फॉर्मल’ काढून ‘इव्हनिंग शीक’ आणलं. नाव जितकं मऊ, तितका नियम सैल, असा अंदाज ढोबळमानाने बरोबर निघतो. नॉर्वेजियन कंपनीने तर २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणून नटण्याची सक्तीच काढून टाकली. व्हर्जिन व्हॉयेजेस या कंपनीच्या जहाजांवर फॉर्मल नाइट नाही. तिथे ‘स्कार्लेट नाइट’ असते आणि लोक लाल कपडे घालतात. ही तिसरी जात, थीम नाइट. लाल, पांढरा किंवा काळा-पांढरा असा रंग सांगितला म्हणून ती रात्र फॉर्मल होत नाही. उलट कुनार्डसारख्या कंपनीची गाला रात्र फॉर्मलही असते आणि तिला वर थीमही असते. तिथे फॉर्मल कपडे घालून थीम सोडली तर चालतं. थीम पाळून फॉर्मल सोडलं तर चालत नाही.

ती संध्याकाळ प्रत्यक्षात दुपारीच सुरू होते. सलूनमध्ये केसांच्या वेळा आधीपासून भरलेल्या असतात. पाचच्या सुमाराला पोहण्याच्या तलावाभोवतालच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात आणि लिफ्टमध्ये सनस्क्रीनच्या वासाच्या जागी अत्तराचा वास येतो. मधल्या मोठ्या जिन्याजवळ आणि अ‍ॅट्रियममध्ये, म्हणजे जहाजाच्या मधल्या उंच मोकळ्या दालनात, फोटोवाल्यांचे पडदे लागलेले असतात. एका पडद्यावर मावळता सूर्य, दुसऱ्यावर संगमरवरी जिना, आणि खरा जिना पाठीमागे चार हातांवर मोकळा पडलेला! फोटो काढून घ्यायला पैसे लागत नाहीत, विकत घ्यायला लागतात, आणि चांगलेच लागतात. न घेतल्याने काही बिघडत नाही. रांग मात्र जेवणाच्या आधी लांब असते. जेवून आल्यावर उभं राहिलं तर पाच मिनिटांत काम होतं, फक्त तोपर्यंत कॉलरवर सॉसचा डाग पडलेला नसावा.

बऱ्याच जहाजांवर त्याच संध्याकाळी कॅप्टनचं स्वागत असतं. एक ग्लास फुकट मिळतो, वाद्यवृंद वाजतो, कॅप्टन आपल्या अधिकाऱ्यांची ओळख करून देतो आणि एखादा ठरलेला विनोद करतो. (‘मी इथे आहे, तर जहाज कोण चालवतंय?’ हा त्यातला सर्वांत थकलेला. तरीही लोक हसतात.) काही ठिकाणी पसरट ग्लासांचा मनोरा रचून वरून शॅम्पेन ओततात. इथे आणखी एक गैरसमज असतो. फॉर्मल नाइट म्हणजे कॅप्टनबरोबर जेवण नव्हे. कॅप्टनच्या टेबलाचं आमंत्रण वेगळं, केबिनमध्ये चिठ्ठीने येणारं, आणि ते बहुतेक वेळा त्याच कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्यांना किंवा महागड्या मोठ्या केबिनमधल्यांना मिळतं. बाकीच्यांना कॅप्टन दिसतो, भेटतो, हातही मिळवतो, पण जेवायला आपण आपल्याच टेबलावर.

त्या रात्री मेन डायनिंग रूमचा मेनू वरचा असतो. लॉबस्टर ठेवायचाच असेल तर अशाच एखाद्या रात्री ठेवतात. जेवण रोजच्यापेक्षा लांबतं, दीड-दोन तास सहज. त्यामुळे नाटकगृहातला पहिला खेळ गाठायचा असेल तर लवकरचं टेबल घेतलेलं बरं.

घालायचं काय? मूळ कल्पना ब्लॅक टायची: रेशमी कॉलरचा डिनर जॅकेट, पांढरा शर्ट, काळा बो टाय. ज्याला टक्सिडो म्हणतात तो हाच. ते नाव न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडो पार्कवरून पडलं. तिथला क्लब १८८६ सालचा. गंमत म्हणजे हा आखूड जॅकेट आला तेव्हा तो लांब शेपटीच्या टेलकोटचा सैल पर्याय होता. आपल्या काळातला स्मार्ट कॅज्युअलच म्हणा. आज बहुतेक कंपन्यांना गडद सूट आणि साधा टाय पुरतो, आणि अनेकींना तर जॅकेटसुद्धा नसलं तरी चालतं. बायकांना पायघोळ गाऊनच हवा, हाही एक समज. गुडघ्याइतका कॉकटेल ड्रेस किंवा नीटस पँटसूट सर्रास चालतो. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो. कुनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा तो मान्य करते. काळा सूट, पांढरा शर्ट आणि काळा बो टाय घातलेल्या माणसाला एखादा प्रवासी ‘पाणी आणता का?’ असं विचारू शकतो, तेवढी तयारी ठेवावी.

थोडक्यात, फॉर्मलचा प्रश्न सोपा आहे. त्याची व्याख्या जहाजाच्या बाहेर, शंभरेक वर्षांपूर्वीच ठरून गेली. खरी डोकेदुखी स्मार्ट कॅज्युअलची. त्यातला एक शब्द एकीकडे ओढतो, दुसरा दुसरीकडे, आणि मधे नेमकं कुठे थांबायचं हे कुणीच सांगत नाही. कंपनी काय घाला याची जी यादी देते ती अशी गुळगुळीत असते की तिच्यात काहीही बसवता येतं. म्हणून ती वाचूच नये. काय चालणार नाही, ती यादी वाचावी. ती नेमकी असते आणि दारावरचा माणूस तीच पाळतो. पोहण्याचे कपडे, व्यायामाचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियन, बेसबॉलची टोपी आणि रबरी सपाता यांच्यावर जवळजवळ सगळीकडे फुली असते. तो माणूस कपड्यांची किंमत बघत नाही. पाय, गुडघे आणि खांदे, या तीन जागा बघतो. बंद बूट, पूर्ण लांबीची पँट आणि कॉलरचा शर्ट असेल तर पुरुष कुठल्याही स्मार्ट कॅज्युअल दारातून आत जातो. बायकांना तर अडवण्याचे प्रसंग फारच कमी. साधा ड्रेस, किंवा स्कर्ट किंवा पँटवर बरा टॉप, झालं.

जीन्सचा वाद मात्र मिटत नाही. गडद, न फाटलेली जीन्स बहुतेक ठिकाणी स्मार्ट कॅज्युअलमध्ये खपते. फाटकी जीन्स, मुद्दाम फाडून महाग केलेली असली तरी, नाही. फॉर्मल नाइटला डायनिंग रूममध्ये जीन्स नेऊच नये. आत सोडतील कदाचित, पण शेजारच्या टेबलावर कुणी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करत असतो आणि फोटोत मागे आपण असतो.

नियम मोडला तर काय होतं? फार काही नाही. दारावर हळू आवाजात सांगतात, काही ठिकाणी उसना जॅकेट काढून देतात, नाहीतर बुफेचा रस्ता दाखवतात. नटायचंच नसेल तर बुफे आहे, केबिनमध्ये मागवता येतं. पण इथे कुनार्ड वेगळी आहे हे ध्यानात ठेवावं. तिथे संध्याकाळी ६ नंतरचा नियम जहाजभर पसरतो, आणि गाला रात्री न नटलेल्यांसाठी मोजक्याच जागा राहतात: क्वीन मेरी २ वर किंग्ज कोर्ट बुफे, गोल्डन लायन पब अशा. म्हणजे इथे तारीखच प्रत्येक दारावर जाऊन उभी राहते. ज्यांना नटायला आवडतं ते नेमके याचसाठी कुनार्ड निवडतात. ज्यांना आवडत नाही त्यांनी स्वस्तात मिळतंय म्हणून तिचं तिकीट काढू नये.

कुठल्या रात्री काय, हे शोधायला डोकं चालवावं लागत नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत वरच्या बाजूलाच ‘आजचा पोशाख’ दिलेला असतो. रॉयल कॅरिबियनची ती पत्रिका क्रूझ कंपास, प्रिन्सेसची प्रिन्सेस पॅटर. पूर्वी आदल्या रात्री केबिनमध्ये कागद यायचा, आता बहुतेक फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. पण हे जहाजावर चढल्यावरचं. बॅग भरायच्या आधी कंपनीच्या माहितीत आपल्या फेरीला किती फॉर्मल नाइट आहेत ते बघून घ्यावं.

सात रात्रींसाठी दोन सूट नेणं हे वजन वाढवणं आहे. एक गडद सूट पुरतो. फॉर्मलला टायसकट, स्मार्ट कॅज्युअलला तोच जॅकेट टाय काढून, आणि नुसती पँट शर्टावर. बायकांनाही एकच गडद ड्रेस दागिने आणि शाल बदलून दोन्ही रात्री चालवता येतो; पहिल्या रात्री तो काय होता, हे चौथ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसतं. विसरतात ते बूट. सुटाखाली पळण्याचे बूट घालून फिरणारा एक तरी माणूस प्रत्येक फेरीत असतोच. इस्त्री नेऊ नये, आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या ती केबिनमध्ये वापरू देत नाहीत आणि सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल नाइटच्या दुपारी मात्र तिथे रांग लागते. नाहीतर बॅग मिळाल्याबरोबर सूट बाथरूममध्ये टांगावा आणि गरम पाण्याच्या वाफेवर सोडून द्यावा. सुरकुत्या बऱ्याचशा जातात.

उंच टाचांबद्दल एक शब्द. जहाज हलतं. नाटकगृह बऱ्याचदा पुढच्या टोकाला असतं, आणि समुद्र खवळला की वर-खाली सगळ्यांत जास्त तिथेच होतं. पायघोळ गाऊन, चार इंची टाच आणि नाटकगृहातल्या उताराच्या पायऱ्या हे तिन्ही एकत्र आले की शेजारचा कठडा दागिन्यांपेक्षा मोलाचा वाटतो. डायनिंग रूममधला एसीही बेताचा नसतो, त्यामुळे ती शाल नुसती शोभेची राहत नाही.

आणि शेवटच्या रात्रीचं. त्या दिवशी पत्रिकेत नुसतं ‘कॅज्युअल’ छापलेलं असतं, कारण बॅगा रात्री दारात ठेवायच्या असतात आणि त्या रातोरात खाली जातात. बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढून ठेवायचे असतात. दरवेळी कुणीतरी हे विसरतो, आणि सकाळी नाश्त्याला कडक इस्त्रीच्या मंडळींमध्ये पायजमा आणि केबिनमधल्या पांढऱ्या सपाता घालून येतो.