सोलरचे गरम पाणी रात्रीत जाते कुठे?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी थंड नळालाही गरम पाणी येते आणि त्यात बिघाड काहीच नसतो, कारण गच्चीवरची टाकी आणि उघडे पाइप दिवसभर उन्हात तापलेले असतात. त्यामुळे सोलर वॉटर हीटरमधील पाणी नको तिथे फिरते आहे का, याची तपासणी सूर्योदयापूर्वी आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत करावी. संध्याकाळी कडक असलेले पाणी पहाटे कोमट मिळत असेल, तर टाकीच्या आवरणाला दोष देण्याआधी पाण्याच्या वाटा तपासणे शहाणपणाचे ठरते.

पाणी पंपाशिवाय फिरू शकते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ९९७ किलो असते, तर ६० अंशांना ते सुमारे ९८३ किलो भरते. एका उभ्या पाइपात गरम आणि शेजारच्या पाइपात थंड पाणी असून दोन्ही वर-खाली जोडलेले असतील, तर प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे १४ मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाबाचा फरक निर्माण होतो. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी अडथळा नसलेल्या पाइपात तेवढ्यावर पाणी रात्रभर फिरत राहते. थंड देशांत घराची जमीन उबदार ठेवण्यासाठी तिच्याखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवतात; तेथेही एखाद्या खोलीचा पंप बंद असताना जमीन तापत राहिल्याची तक्रार येते, आणि तिचे कारण एक तर हा घनतेचा फरक असतो किंवा दुसऱ्या खोलीसाठी चालू असलेल्या पंपाचा दाब. आपल्या घरीही हीच दोन कारणे आढळतात.

पहिले कारण सपाट पॅनेलच्या सोलरमध्ये दिसते. दिवसा पॅनेलमधले पाणी तापून वरच्या टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे गार पाणी पॅनेलमध्ये उतरते. निरभ्र रात्री मात्र पॅनेल आकाशाकडे उष्णता टाकत आसपासच्या हवेहूनही गार होऊ शकते. मग त्यातले जड झालेले पाणी खाली सरकते, टाकीतले गरम पाणी त्याच्या जागी पॅनेलमध्ये येते आणि दिवसाचे चक्र उलटे फिरू लागते. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच ठेवण्याचा आग्रह धरतात तो यासाठीच. कमी उंचीच्या मांडणीत हा दोष हमखास डोके वर काढतो. निर्वात काचनळ्यांच्या सोलरमध्ये परतीचा वेगळा पाइप नसतो आणि नळीभोवती निर्वात थर असतो, म्हणून तेथे ही शंका सहसा घेऊ नये.

दुसरे कारण बाथरूममध्ये दडलेले असते, आणि माझ्या मते तेच अधिक वेळा नजरेतून सुटते. गरम-थंड पाणी मिसळून देणाऱ्या भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पाणी केवळ हँड शॉवरच्या बटणाने बंद केले, तर गरम आणि थंड पाइप मिक्सरच्या पोटात एकमेकांना जोडलेले राहतात. एका दांडीच्या मिक्सरमधील कार्ट्रिज, म्हणजे पाणी मिसळणारा आणि बंद करणारा आतला भाग, झिजले तरी हेच होते. त्यानंतर घरातला कोणताही नळ सोडला की पाणी दोन्ही बाजूंनी ओढले जाते, म्हणजे गरम नळाला कोमट आणि थंड नळालाही कोमट पाणी येते. थंड पाइपावर प्रेशर पंप असून गरम पाणी मात्र केवळ उंचीच्या दाबावर येत असेल, तर पंप थंड पाणी उलट सोलरच्या टाकीत ढकलतो. अशा वेळी सोलरच्या हवेच्या नळीतून पाणी वाहताना दिसते आणि लोक उगाचच टाकीच्या फ्लोटवर संशय घेतात. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ही गळती परवडणारी नाही.

दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. गच्चीवर सोलरमधून घरात येणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि खाली फक्त एक गरम नळ सोडावा. पाइपातले उरलेले पाणी संपून धार थांबली, तर मिक्सर निर्दोष आहेत. धार चालूच राहिली, तर ते पाणी थंड पाइपातून कोणत्या तरी मिक्सरमार्गे येत आहे. मग एकेका मिक्सरखालचे कॉक बंद करत गेले की दोषी सापडतो. धार थांबली तरी पहाटेचे पाणी कोमटच असेल, तर एका रात्री पॅनेलकडे जाणारा खालचा व्हॉल्व्ह बंद करून पाहावे, मात्र ऊन चढण्यापूर्वी तो न विसरता उघडावा. दुपारी सोलरला पाणी पुरवणारा थंड पाइप टाकीजवळ कोमट लागला, तर घाबरण्याचे कारण नाही: २५० लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापताना सुमारे ४ लिटरने फुगते आणि ते वाढीव पाणी त्याच पाइपात मागे सरकते.

मिक्सरच्या दोन्ही पाइपांवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवणे हा उपाय चांगला आहे. पॅनेलच्या चक्रात मात्र असा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवू नये. तो उघडायला लागणारा दाब १४ मिलिमीटरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे रात्रीचा उलटा प्रवाह थांबतो खरा, पण दिवसाचे तापणेही थांबते. तेथे टाकी उंच करणेच उत्तम, आणि ते शक्य नसेल तर हलक्या झडपेचा आडवा व्हॉल्व्ह चालतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांकडे या झडपेवर क्षार साचून ती अर्धवट उघडी राहते, म्हणून खोलून साफ करता येईल असाच व्हॉल्व्ह मागून घ्यावा.