थियारोय हत्याकांड
सेनेगलची राजधानी डाकारजवळ थियारोय (वोलोफ भाषेतील उच्चार ‘चारोय’च्या जवळचा) येथील लष्करी छावणीत १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने आपल्याच आफ्रिकी शिपायांवर केलेला गोळीबार. मृतांची संख्या अद्याप वादग्रस्त आहे.

हे शिपाई ‘सेनेगाली तिरायर’ (तिरायर म्हणजे नेमबाज) या फ्रेंच वसाहती पायदळातले. गव्हर्नर फेदेर्ब याच्या पुढाकाराने १८५७ मध्ये हे दल उभे राहिले. नाव सेनेगालचे असले, तरी भरती साऱ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतून होई. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हा शरण आलेल्या अनेक काळ्या शिपायांना जर्मनांनी जागीच ठार केले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना व्याप्त फ्रान्समध्येच डांबले. काळी माणसे जर्मन भूमीवर नकोत, हे त्यामागचे कारण. सुटकेनंतरही वर्णभेद संपला नाही. १९४४ च्या शरदात आघाडीवरच्या तुकड्यांतून आफ्रिकी शिपाई काढून गोरे तरुण भरण्यात आले. या बदलाला फ्रेंच सैन्यात ‘गोरे करणे’ असेच म्हणत.

सुटलेल्या बंद्यांना थकित पगाराचा पाव हिस्सा फ्रान्समध्ये आणि पाऊण हिस्सा आफ्रिकेत उतरताच द्यावयाचा, असा लेखी आदेश होता. फ्रान्समधील मोर्ले बंदरात तीनशेवर जणांनी पैसे हाती पडल्याशिवाय ‘सर्केशिया’ जहाजावर पाऊल ठेवण्यास नकार दिला. बाकीचे २१ नोव्हेंबरला डाकारला पोहोचले. पाऊण हिस्सा मिळेना, तेव्हा बामाकोला (आजच्या मालीची राजधानी) निघण्याचा हुकूम सुमारे पाचशे जणांनी धुडकावला आणि तेथील फ्रेंच सेनाधिकारी जनरल दान्यां याची मोटार अडवली. त्याने आश्वासन देऊन वाट मोकळी करून घेतली. १ डिसेंबरच्या सकाळी छावणीला वेढा पडला. त्यात चिलखती गाड्या आणि एक अमेरिकी बनावटीचा रणगाडाही होता. साडेनऊच्या सुमारास गोळीबार झाला. लष्करी कागदपत्रांत यास ‘बंड’ म्हटले आहे. मागणी हक्काच्या पगाराची असताना तो शब्द स्वीकारणे कठीण आहे.

मृतांचा अधिकृत आकडा ३५ : जागीच २४, रुग्णालयात ११. मात्र दान्यांच्याच ५ डिसेंबरच्या अहवालात २४ ठार आणि नंतर दगावलेले ४६ जखमी, म्हणजे ७० मृत्यू नोंदलेले आहेत. एकाच सैन्याच्या कागदांत इतकी तफावत नजरचुकीची असणे संभवत नाही. इतिहासकार आर्मेल माबों यांनी जहाजावरील संख्येकडे लक्ष वेधले. अधिकृत नोंदींप्रमाणे डाकारला १,२०० ते १,३०० जण उतरले आणि सुमारे ४०० वाटेत मोरोक्कोतील कासाब्लांकाला राहिले. माबों यांच्या मते तेथे एवढे लोक उतरलेच नाहीत. डाकारला १,६०० हून अधिक पोहोचले आणि हिशेबातून गळालेले शेकडो म्हणजेच मृत. सर्व अभ्यासकांना हे मान्य नाही. तथापि ३५ हा आकडा टिकण्यासारखा नाही, असे दिसते.

वाचलेल्यांपैकी ३४ जणांना १९४५ मध्ये लष्करी न्यायालयाने शिक्षा दिल्या. १९४७ मध्ये त्यांना माफी मिळाली, निर्दोषत्व नव्हे. स्वतः युद्धबंदी राहिलेले कवी आणि पुढे सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांनी यावर कविता लिहिली, तर सेनेगली लेखक-दिग्दर्शक सेंबेन यांनी १९८८ मध्ये चित्रपट काढला. फ्रान्सने २०२४ मध्ये सहा मृतांना ‘फ्रान्ससाठी मरण पावलेले’ असा दर्जा दिला आणि त्याच वर्षी, ऐंशी वर्षे लोटल्यावर, राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी ‘हत्याकांड’ हा शब्द वापरला. थियारोयच्या लष्करी दफनभूमीतील पांढऱ्या थडग्यांवर नावे नाहीत. तेथे २०२५ मध्ये उत्खनन सुरू झाले.