रॉकेटचे छायाचित्र आणि ‘सौजन्य’ हा शब्द

श्रीहरिकोट्याहून मोठे उड्डाण झाले की मुंबईतल्या वर्तमानपत्रांचे पहिले पान बहुधा इस्रोने दिलेल्या तयार चित्रानेच सजते आणि खाली बारीक अक्षरांत ‘सौजन्य’ येते.

1963 मध्ये केरळमधल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. त्या काळातले आजही सर्वांत जास्त छापले जाणारे चित्र ज्वाळेचे नाही, सायकलवरून नेलेल्या रॉकेटच्या टोकाचे आहे. ते माणसांत उभे राहून काढलेले चित्र आहे. पुढे रॉकेटे मोठी झाली आणि माणसाला लांब उभे राहणे भाग पडले. पाच किलोमीटरवरून आवाज पोचायला जवळजवळ पंधरा सेकंद लागतात. पहिल्या फ्रेम्स छायाचित्रकार शांततेतच काढतो. घन इंधनाची ज्वाळा इतकी प्रखर असते, की तिच्यासाठी एक्स्पोजर धरले तर बाकी सगळे काळवंडते. जवळचे चित्र हवे तर कॅमेरा एकटा सोडावा लागतो. फोकस हलू नये म्हणून लेन्सच्या कड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळायची, ट्रिगर आवाजावर लावायचा आणि रात्रभरच्या दवाने काच धुरकट होणार नाही अशी आशा करायची.

खरा प्रश्न त्या शब्दाचा आहे. ‘सौजन्य’ ही मुळात पोच होती: चित्र फुकट मिळाले, आभार. आता तिच्याआड बरेच काही झाकले जाते. ज्याचे रॉकेट त्यानेच चित्र काढले, त्यानेच निवडले आणि नको त्या फ्रेम्स बाजूला ठेवल्या, हे वाचकाला कळत नाही. तिथे सरळ ‘अधिकृत छायाचित्र’ लिहायला हवे. संपादकीय विभागाची अडचणही खरी आहे. मुंबईहून चेन्नई, तिथून पुढे रस्त्याने, आणि उड्डाण पुढे ढकलले तर? चांद्रयान-2 हे 15 जुलै 2019 रोजी उड्डाणाला 56 मिनिटे उरली असताना थांबवले आणि 22 तारखेला सोडले. आठवडाभर माणूस तिकडे ठेवण्याचा खर्च कोण सोसणार? तरीही तो सोसावा असे मला वाटते. रद्द झालेल्या रात्रीचे, पाहायला आलेल्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यांचे चित्र अधिकृत पाकिटातून येत नाही.

14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 वर चढत असताना चेन्नईहून ढाक्याला निघालेल्या विमानातल्या एका प्रवाशाने ते मोबाइलवर टिपले. दृश्य लांबचे होते, तरी घरोघरी फिरले. पाहणाऱ्याला आधी हेच कळले, की ते विमानाच्या खिडकीतून टिपलेले आहे.