बुंडेसवेअर पूर्व कमांड आणि पूर्व जर्मनीतील प्रादेशिक संरक्षण

बुंडेसवेअर पूर्व कमांड (जर्मन नाव : बुंडेसवेअरकोमांडो ओस्ट; बुंडेसवेअर म्हणजे जर्मनीचे, एकीकरणापूर्वी पश्चिम जर्मनीचे, सैन्य). जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील सर्व जर्मन सैन्याची सूत्रे हाती घेण्यासाठी उभारलेले तात्पुरते लष्करी मुख्यालय. बर्लिनच्या पूर्वेकडील स्ट्राउसबर्ग या गावी ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते सुरू झाले आणि जून १९९१ अखेरीस बंद झाले. भूदलापुरते त्याचे काम पुढे पॉट्सडामजवळच्या ‘कोअर व प्रादेशिक कमांड, पूर्व’ या मुख्यालयाने चालवले. एका सैन्याचे विसर्जन आणि त्याच जागी दुसऱ्याची पायाभरणी, ही दोन्ही कामे या कमांडला जेमतेम नऊ महिन्यांत एकदमच करावी लागली.

पश्चिम जर्मनीच्या भूदलाचे दोन भाग होते. लढाऊ कोअर (अनेक डिव्हिजनांची मिळून होणारी मोठी सेना) आणि डिव्हिजन युद्धकाळात नाटोच्या हुकमतीखाली जाणार होत्या. प्रादेशिक दल मात्र युद्धातही जर्मन सरकारच्याच ताब्यात राहणार होते. पूल, रस्ते आणि कोठारे सांभाळणे, पिछाडीचे रक्षण करणे, मित्रराष्ट्रांच्या फौजांना वाट मोकळी करून देणे आणि मुलकी प्रशासनाशी संपर्क ठेवणे ही त्याची कामे. त्यासाठी कील, हॅनोव्हर, ड्युसेलडॉर्फ, माइंझ, स्टुटगार्ट आणि म्युनिक येथे मुख्यालये असलेली सहा संरक्षण क्षेत्रे होती. एकीकरणानंतर लाइपझिग आणि नॉयब्रांडेनबुर्ग येथे अनुक्रमे सातवे आणि आठवे क्षेत्र निर्माण झाले.

पूर्वेत या प्रादेशिक रचनेला जे महत्त्व आले, ते एका करारामुळे. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत दोन्ही जर्मन राज्ये आणि अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स यांनी ‘दोन अधिक चार’ करारावर सह्या केल्या. सोव्हिएत फौजा १९९४ च्या अखेरीपर्यंत परत जाणार होत्या. तोवर पूर्वेच्या भूमीवर फक्त नाटोशी न जोडलेल्या जर्मन प्रादेशिक संरक्षण तुकड्याच ठेवता येतील, असे कराराच्या पाचव्या कलमात ठरले. सोव्हिएत सैन्य गेल्यावर नाटोशी संलग्न जर्मन तुकड्या तेथे येऊ शकणार होत्या. परदेशी सैन्य आणि अण्वस्त्रे मात्र कायमची वर्ज्य होती. संयुक्त जर्मनीच्या सैन्याला ३,७०,००० ची मर्यादाही याच कराराने घातली. पश्चिमेत पिछाडी सांभाळणारी जी दुय्यम यंत्रणा मानली जाई, तिचेच स्वरूप पूर्वेतील एकमेव कायदेशीर लष्करी स्वरूप ठरले. भूदलाने तेथे ३७ ते ४२ क्रमांकांच्या सहा ‘गृहसंरक्षण ब्रिगेड’ उभारल्या, त्यांच्या नावामागेही हेच कारण आहे.

पूर्व जर्मनीची ‘राष्ट्रीय लोकसेना’ १९५६ मध्ये स्थापन झाली होती. १९९० च्या वसंतात मुक्त निवडणुकीने आलेल्या सरकारात राइनर एपेलमान हे धर्मोपदेशक निःशस्त्रीकरण व संरक्षण मंत्री झाले. हिटलरविरोधी कटाच्या स्मृतिदिनी, २० जुलै रोजी, सैनिकांनी नवी शपथ घेतली. २४ सप्टेंबरला हे सैन्य वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडले. एकीकरणाआधीच सर्व जनरल आणि ॲडमिरल यांना घरी पाठवण्यात आले, राजकीय अधिकारीही गेले. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री ही सेना संपली, तेव्हा तिच्यात सुमारे ९० हजार सैनिक उरले होते. त्यांत सक्तीच्या सेवेतील तरुणांचा वाटा मोठा होता.

कमांडची जबाबदारी लेफ्टनंट जनरल यॉर्ग शोनबोम यांच्याकडे आली. त्यांचा जन्म १९३७ मध्ये ब्रांडेनबुर्गमधील बाड झारोजवळ, म्हणजे स्ट्राउसबर्गपासून फार दूर नसलेल्या भागात झाला होता. त्यांचे उपप्रमुख होते वेर्नर फॉन शेवेन. भूदल, हवाईदल आणि नौदल या तिन्हींच्या पूर्वेतील तुकड्या या एकाच मुख्यालयाखाली होत्या आणि ते थेट संरक्षणमंत्री गेऱ्हार्ड श्टोल्टेनबेर्ग यांना उत्तरदायी होते. एरवी बुंडेसवेअरमध्ये तिन्ही दलांची साखळी वेगवेगळी असते. इथे तसे केले असते, तर एकाच छावणीबद्दल तीन ठिकाणांहून हुकूम सुटले असते.

पश्चिमेकडून सुमारे दोन हजार अधिकारी आणि सार्जंट पूर्वेला पाठवले गेले. त्यांना दिसलेल्या छावण्या दोन निरनिराळ्या लष्करी विचारांतले अंतर स्पष्ट करतात. लोकसेनेत ८५ टक्के मनुष्यबळ सदैव छावणीत हजर ठेवण्याचा दंडक होता, त्यामुळे शिपायाला रजा क्वचितच मिळे. रणगाड्यांची कोठारे कोरडी आणि नीट राखलेली, पण माणसांच्या बराकी, न्हाणीघरे आणि भटारखाने मोडकळीस आलेले. बुंडेसवेअरची धारणा याच्या उलट आहे : सैनिक हा ‘वर्दीतील नागरिक’, बेकायदा हुकूम नाकारण्याचा हक्क असलेला, आठवड्याच्या शेवटी घरी जाणारा. ही धारणा व्याख्यानांतून पोचवणे अवघड असते. बराकी दुरुस्त करणे, तक्रार ऐकून घेणे, अधिकाऱ्याने शिपायाशी सन्मानाने बोलणे यांतूनच ती पोचते, आणि कमांडचे खरे काम इथे झाले.

माणसांची निवड हा सर्वांत दुखरा भाग. ज्यांना राहायचे होते, त्यांना दोन वर्षांच्या परीक्षाकाळासाठी घेतले गेले. सुमारे १८ हजार जण असे घेतले गेले. त्यांची पूर्वीची गुप्त पोलीस यंत्रणा ‘श्टाझी’शी संबंधांबाबत पडताळणी झाली. अनेकांचा हुद्दा एक-दोन पायऱ्यांनी खाली आला, पगारही पश्चिमेकडील सहकाऱ्यांपेक्षा कमी होता. अखेरीस सुमारे १०,८०० जण नियमित सेवेत कायम राहिले. त्यांची लोकसेनेतील वर्षे सरकारी नोंदीत ‘परकीय सैन्यातील सेवा’ म्हणून लिहिली जात. हा शेरा २००५ मध्ये बदलून ‘बुंडेसवेअरबाहेरील सेवा’ असा केला गेला. सगळ्यांना सामावून घेणे ३,७०,००० च्या मर्यादेत शक्य नव्हते आणि पक्षनिष्ठ अधिकाऱ्यांना तसेच ठेवणेही योग्य झाले नसते. तरी आपल्याच देशात जन्मलेल्या माणसाच्या सेवेला पंधरा वर्षे परकीय म्हणणे अन्यायाचे होते, असेच म्हणावे लागते.

शस्त्रसाठा प्रचंड होता : दोन हजारांहून अधिक रणगाडे आणि सुमारे तीन लाख टन दारूगोळा. बराचसा नष्ट केला गेला, काही परदेशांना दिला. नौदलाची ३९ जहाजे इंडोनेशियाने विकत घेतली. चोवीस मिग-२९ विमाने मात्र बुंडेसवेअरने वापरात ठेवली. पुढे ती रोस्टॉकजवळच्या लागे तळावर होती आणि त्यांतली बहुतेक २००३ पासून पोलंडला प्रत्येकी एक युरो या नाममात्र किमतीला देण्यात आली.

या सर्व काळात त्याच भूमीवर सोव्हिएत संघाचे सुमारे ३,४०,००० सैनिक होते. त्यांचे मुख्यालय बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथे होते. त्यांच्या माघारीसाठी आणि परतणाऱ्या कुटुंबांच्या घरांसाठी जर्मनीने १२ अब्ज मार्क आणि ३ अब्जांचे बिनव्याजी कर्ज कबूल केले होते. रेल्वे, बंदरे आणि सराव-मैदाने यांबाबत दोन्ही सैन्यांत सतत समन्वय लागे. मध्येच सोव्हिएत संघच विसर्जित झाला, तरी माघार थांबली नाही. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी बर्लिनमध्ये हेल्मुट कोल आणि बोरिस येल्त्सिन यांच्या उपस्थितीत शेवटच्या रशियन सैनिकांना निरोप देण्यात आला.

कमांड बंद झाल्यावर हवाईदल आणि नौदलाच्या तुकड्या आपापल्या दलांकडे गेल्या. भूदलाची ‘कोअर व प्रादेशिक कमांड, पूर्व’ १९९१ मध्येच फॉन शेवेन यांच्या नेतृत्वाखाली गेल्टो येथे उभी राहिली होती. लोकसेनेच्या भूदलाचे मुख्यालयही पूर्वी याच गावी होते. आता त्या छावणीला हिटलरविरोधी कटातील सेनाधिकारी हेनिंग फॉन ट्रेस्को यांचे नाव आहे. लाइपझिग आणि नॉयब्रांडेनबुर्ग येथील क्षेत्र कमांड पुढे १३ व्या आणि १४ व्या पान्झरग्रेनेडिअर (चिलखती वाहनांतून जाणारे पायदळ) डिव्हिजनशी जोडल्या गेल्या. प्रादेशिक आणि लढाऊ जबाबदारी एकाच मुख्यालयाकडे देण्याची ही रीत पूर्वेत सुरुवातीपासून रुळली. करारातील मुदत संपल्यावर, १९९५ पासून, येथील तुकड्या नाटोशी जोडता आल्या आणि गेल्टोच्या मुख्यालयाचे नाव चौथी कोअर असे रूढ झाले.

प्रादेशिक रचनेची कसोटी १९९७ च्या उन्हाळ्यात पोलंडच्या सीमेवरील ओडर नदीच्या महापुराने पाहिली. नॉयब्रांडेनबुर्गच्या डिव्हिजनचे प्रमुख हान्स-पेटर फॉन किर्शबाख यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने बांध वाचवण्याचे काम हाती घेतले. एकूण सुमारे ३० हजार सैनिक त्यात उतरले. त्सिल्टेनडॉर्फचा सखल भाग बुडाला, ओडरब्रुख हा नदीकाठचा सखल प्रदेश मात्र वाचला. सात वर्षांपूर्वी परस्परविरोधी शपथा घेतलेल्या सैन्यांतील माणसे इथे वाळूच्या पोत्यांच्या रांगेत एकत्र उभी होती. पूर्वेतील सामान्य लोकांनी बुंडेसवेअरला आपले सैन्य मानण्यात या पुराचा वाटा फार मोठा आहे. फॉन किर्शबाख पुढे चौथ्या कोअरचे प्रमुख आणि १९९९ मध्ये बुंडेसवेअरचे सर्वोच्च सेनाधिकारी झाले.

चौथी कोअर २००२ मध्ये विसर्जित झाली. तिच्या छावणीत २००१ मध्येच परदेशातील मोहिमांचे संचालन करणारी कमांड स्थापन झाली होती. क्षेत्र कमांड २०१३ मध्ये संपल्या आणि राज्यनिहाय कमांड बर्लिनमधील एका मुख्यालयाखाली आल्या. युक्रेनवरील आक्रमणानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्स्टन ब्रॉयर यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनमध्ये संपूर्ण देशासाठी प्रादेशिक कमांड स्थापन झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोस्टॉक येथे बाल्टिक समुद्रासाठी नाटो देशांच्या अधिकाऱ्यांचा सहभाग असलेले नौदल मुख्यालय सुरू होताच, हा १९९० च्या कराराचा भंग आहे असे सांगत रशियाने जर्मन राजदूतांना पाचारण केले. हे जर्मन नौदलाचेच मुख्यालय असून त्यात मित्रदेशांचे अधिकारी सहभागी आहेत, अशी जर्मनीची भूमिका आहे. एप्रिल २०२५ मध्ये प्रादेशिक कमांड आणि परदेशी मोहिमांची कमांड एकत्र करून एकच संचालन कमांड निर्माण करण्यात आली. गृहसंरक्षणाच्या तुकड्या त्याच वेळी एका स्वतंत्र डिव्हिजनच्या रूपाने भूदलाकडे गेल्या.