‘अँड’नंतर डोळा का अडखळतो?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात माझी भाची निर्यातीचा पत्रव्यवहार बघते. परवा तिनं बाहेरदेशी पाठवायची एक मेल मला वाचायला दिली. त्यात एक वाक्य होतं: ‘वी वीव्ह द टॉवेल्स, वॉश देम अँड पॅकिंग इन बॉक्सेस.’ मी ‘पॅकिंग’वर बोट ठेवलं. ती म्हणाली, “मामा, पण त्यांना कळतंय ना काय म्हणायचंय ते? मग चुकलं कुठं?”

प्रश्न मला फार आवडला. अर्थ पोचला तर चूक कसली? आणि चूक असेल तर ती कागदावर असते की वाचणाऱ्याच्या डोक्यात? याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं गेल्या चाळीसएक वर्षांत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून आलं आहे.

तिनं पूर्वी एका इंग्रजीच्या क्लासला हा नियम पाठ केला होता: ‘अँड’च्या दोन्ही बाजूंना शेपूट सारखं ठेवा. इकडे आयएनजी तर तिकडेही आयएनजी. हा नियम ऐकायला सोपा आहे, म्हणूनच तो सगळीकडे पसरला आहे, पण तो चुकीचा आहे. त्याच मेलमध्ये तिनं आधी लिहिलं होतं, ‘अवर टीम वर्क्स क्विकली अँड विदाउट अ ब्रेक.’ वाक्य उत्तम होतं. मग शेपूट आठवलं आणि ‘विदाउट अ ब्रेक’चं ‘ब्रेकलेसली’ झालं. असा शब्द कुणी वापरत नाही. नियमापायी बरं वाक्य बिघडलं.

शेपटाऐवजी सातवी-आठवीतलं बीजगणित आठवा. अ × (ब + क) म्हणजे अ × ब + अ × क. यालाच आपण वितरण गुणधर्म म्हणतो. कंसाबाहेरचं पद आतल्या प्रत्येकाला लागलं पाहिजे. इंग्रजीतली यादी हा असाच कंस असतो. ‘ही इज गुड ॲट मॅथ्स, सिंगिंग अँड प्लेज क्रिकेट’ हे वाक्य घ्या. कंसाबाहेर आहे ‘ही इज गुड ॲट’. आता कंस सोडवा. ‘ही इज गुड ॲट मॅथ्स’ बरोबर. ‘ही इज गुड ॲट सिंगिंग’ हेही बरोबर. ‘ही इज गुड ॲट प्लेज क्रिकेट’? हे मोडलं. ‘मॅथ्स’ आणि ‘सिंगिंग’ यांची शेपटं वेगळी आहेत, तरी दोघंही चालतात, कारण ‘ॲट’च्या पुढे नाम लागतं आणि दोघंही नामाचं काम करतात. ‘वर्क्स’ला ‘क्विकली’ लागतं, ‘विदाउट अ ब्रेक’ही लागतं, ‘कसं काम करते’ याचंच उत्तर दोन्ही देतात. काम एकच असलं की झालं. आणि ‘वी पॅकिंग’ला मात्र उभं राहायला पायच नाहीत.

इथपर्यंत सोपं आहे. आता हे वाक्य बघा: ‘आय लाइक स्विमिंग अँड टू रीड.’ कंस सोडवा. ‘आय लाइक स्विमिंग’ शुद्ध. ‘आय लाइक टू रीड’ तेही शुद्ध. कंस नीट सुटतो, तरी वाक्य लंगडतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही ते खुपतं. व्याकरणाला सोडवता येत नाही असं काहीतरी इथं अडतं, आणि ते वाचणाऱ्याच्या मेंदूत अडतं.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. एमिल झाव्हाल या फ्रेंच नेत्रवैद्यानं १८७९ सालीच लिहून ठेवलं आहे की डोळा उड्या मारत वाचतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढच्या जागी उडी. सरावाच्या वाचकाच्याही दर शंभर उड्यांपैकी दहा ते पंधरा उड्या उलट्या, म्हणजे मागे जाणाऱ्या असतात. वाक्यात कुठं अडलं की डोळा मागं वळतो. वाचणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. मेल वाचणाऱ्याला ‘पॅकिंग’ कळतं, पण कळण्याआधी डोळा एक फेरी मागं मारून येऊ शकतो. भाचीच्या प्रश्नाला हे पहिलं उत्तर: अर्थ पोचतो, पण वेळ जातो.

१९८४ साली लिन फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेळ मोजला. त्यांच्या प्रयोगातल्या एका वाक्यप्रकाराची धाटणी अशी होती (शब्द माझे): ‘द मॅनेजर चेक्ट द टॉवेल्स अँड द क्लर्क काउंटेड द बॉक्सेस.’ आणि दुसरं: ‘द टॉवेल्स वेअर चेक्ट बाय द मॅनेजर अँड द क्लर्क काउंटेड द बॉक्सेस.’ ‘अँड’नंतरचे शब्द दोन्हीकडे अगदी तेच आहेत. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. तरी पहिला अर्धा भाग त्याच घडणीचा असेल तेव्हा दुसरा अर्धा भाग लोक लवकर वाचतात. म्हणजे तोच मजकूर वाचायला किती वेळ लागेल हे त्याच्या आधी काय आलं यावर ठरतं.

असं का व्हावं? खरं सांगायचं तर हा सगळा लेख मी या एका ‘का’साठी लिहायला घेतला.

कॅथरिन बॉक यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक वाक्य ऐकवायचं, त्यांनी ते मोठ्यानं म्हणायचं. मग एक चित्र दाखवायचं, त्याचं वर्णन एका वाक्यात करायचं. लोकांना वाटत होतं की ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. चित्राचा आणि वाक्याचा विषय पूर्ण वेगळा. एका चित्रात चर्चवर वीज पडते आहे. आधी म्हटलेलं वाक्य कर्मणी प्रयोगातलं असेल, तर वर्णनही ‘चर्चवर विजेकडून आघात होतो आहे’ अशा धर्तीवर येण्याची शक्यता वाढते. शब्द विसरले जातात, विषय बदलतो, पण वाक्याचा साचा मागे राहतो. मेंदू तो लगेच पुन्हा वापरतो.

त्याआधी १९८२ साली विलेम लेव्हेल्ट आणि स्टेफनी केल्टर यांनी नेदरलँड्समध्ये दुकानदारांना फोन करून हेच प्रयोगशाळेबाहेर दाखवलं होतं. डच भाषेत ‘दुकान किती वाजता बंद होतं’ हे शब्दयोगी अव्यय लावूनही विचारता येतं आणि न लावताही. अव्यय लावून विचारलं की उत्तर अव्यय लावून येण्याची शक्यता वाढते, न लावता विचारलं की न लावता येण्याची. दुकानदाराला दोन्ही अर्थ एकच. तरी तो समोरच्याच्या साच्यात बोलतो.

हा साचा मेंदूत टिकतो कुठं? ताज्या आठवणीत, असं वाटेल. तसं नाही. २००८ साली फेरेरा, बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिलोप झालेल्या रुग्णांबरोबर काम केलं. आधी ऐकलेलं वाक्य या रुग्णांना नीट ओळखता येत नव्हतं. तरी त्याचा साचा त्यांच्या पुढच्या वाक्यात उतरत होता. म्हणजे ही आठवण सायकल चालवण्याच्या जातीची आहे: सांगता येत नाही, पण अंगात असते.

यामागचा एक हिशेब चँग, डेल आणि बॉक यांनी २००६ साली मांडला. त्यांनी संगणकात एक जाळं बांधलं. हे जाळं प्रत्येक शब्दानंतर पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधतं. प्रत्यक्ष आलेला शब्द आणि अंदाज यांत जो फरक, तितक्या प्रमाणात जाळ्यातल्या जोडण्यांची वजनं जराशी हलतात. अंदाज बरोबर आला तर वजनं जवळपास तशीच राहतात, चुकला तर जास्त हलतात. त्यामुळे नेहमीच्या वाक्यरचनेचा ठसा फिका उमटतो आणि विरळ रचनेचा गडद. कर्मणी प्रयोग इंग्रजीत कर्तरीपेक्षा कमी येतो. म्हणून त्याचा ठसा जास्त खोल उमटायला हवा. प्रयोगांत तसंच दिसतं. ज्या यंत्रणेनं मूल भाषा शिकतं, तीच यंत्रणा मोठेपणी प्रत्येक वाक्यागणिक थोडी थोडी शिकत राहते, असा त्यांचा दावा आहे. मला तो पटतो, कारण त्यात शिकणं आणि वाचणं यांच्यासाठी दोन वेगळी यंत्रं मानावी लागत नाहीत.

हे डोक्यावरून गेलं असेल तर सोलापूरच्या मागावर येऊ. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. जोसेफ-मारी जॅकार्ड यांचा हा माग १८०४च्या सुमाराचा. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. कोणते उभे धागे उचलायचे ते भोकं ठरवतात. एक नक्षी संपली की तीच माळ पुन्हा फिरते, नवी कार्डं लावावी लागत नाहीत. ‘अँड’ आला की वाचणाऱ्याचा मेंदू तीच माळ पुन्हा फिरेल या तयारीत असतो. ‘आय लाइक स्विमिंग अँड’ इथं ‘रीडिंग’ची कार्डं लागलेली असतात. ‘टू रीड’ येतो तेव्हा माग थांबवून कार्डं बदलावी लागतात. अमित दुबे, फ्रँक केलर आणि पॅट्रिक स्टर्ट यांनी २००५ साली छापील इंग्रजीचे मोठे साठे तपासले, तेव्हा ‘अँड’च्या दोन्ही बाजूंना एकच साचा योगायोगानं येईल त्यापेक्षा जास्त वेळा आढळला. लिहिणारेही नकळत वाचणाऱ्यांसारखेच चालतात.

मग आपल्याच मुलांचा हा साचा इंग्रजीत इतका का मोडतो? मला वाटतं, याचं कारण मराठीत आहे. ‘मला पोहायला आवडतं’ आणि ‘मला पोहणं आवडतं’ दोन्ही आपण म्हणतो. ‘पोहायला’चं ‘टू स्विम’ होतं, ‘पोहणं’चं ‘स्विमिंग’. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मराठीत यादीचा धनी शेवटी येतो. ‘बार्शी, मोहोळ आणि पंढरपूरला गेलो’ यात तिन्ही गावं मोकळी उभी राहतात आणि शेवटचा एक ‘ला’ सगळ्यांना कवेत घेतो. क्रियापदही शेवटी. आपला कंस उजवीकडून सुटतो. इंग्रजीत ‘आय वेंट टू’ आधी येतं, कंसाबाहेरचं पद डावीकडे असतं. तिथं पहिल्या गावालाच साचा ठरून जातो. ‘टू बार्शी, मोहोळ अँड टू पंढरपूर’ असं लिहिलं की कंस अर्ध्यातच तुटतो: ‘टू’ एकदाच लावा, नाहीतर तिन्हींना लावा. ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’, ‘आयदर’ आणि ‘ऑर’ यांनाही हेच लागू. पहिल्या शब्दामागून जे येतं, दुसऱ्यामागून तसंच यावं. त्यात वेगळं काही नाही.

सोलापुरात लोक आणखी एक भीती बोलून दाखवतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात उर्दू, शाळेत मराठी. पोराच्या डोक्यात सगळी सरमिसळ होणार, इंग्रजी कसं येणार? २००४ साली हार्टसायकर, पिकरिंग आणि वेल्टकँप यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना स्पॅनिशमध्ये कर्मणी वाक्य ऐकवलं, तेव्हा त्यांच्या तोंडून इंग्रजीतही कर्मणी वाक्यं जास्त येऊ लागली. साचा एका भाषेतून दुसरीत गेला. साच्यांची ही शिदोरी भाषांमध्ये वाटून खाल्ली जाते. भवानी पेठेतल्या पद्मशाली घरातलं पोर तेलुगूत जे साचे वापरतं, त्यांतले जुळणारे साचे त्याला इंग्रजीतही हाताशी मिळू शकतात. चार भाषांची भीती धरायचं कारण मला तरी दिसत नाही.

बोलणं लवकर यावं म्हणून बाळाच्या जिभेला वेखंड उगाळून लावतात, आणि पोर मोठं झालं की ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गाला हजारो रुपये भरतात. या दोन्हींपासून लोकांनी दूर राहावं असं मला मनापासून वाटतं. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो कुणी जागा करावा लागत नाही. डोळ्याच्या उड्यांचं बरंचसं नियंत्रण तिथूनच होतं. हे वाक्य वाचतानाही तुम्ही तोच वापरता आहात. भाषेचे साचे वेखंडानं किंवा वर्गाच्या फीनं येत नाहीत. ते ऐकून, वाचून आणि अंदाज चुकून येतात. चुकणं हा त्या यंत्रणेचा कच्चा माल आहे. ‘ब्रेकलेसली’ लिहिल्याबद्दल मी भाचीला रागावलो नाही ते म्हणूनच.

मेल आम्ही दुरुस्त केली: ‘वी वीव्ह द टॉवेल्स, वॉश देम अँड पॅक देम इन बॉक्सेस.’ ‘विदाउट अ ब्रेक’ पुन्हा जागेवर आलं.

आता तिला डच दुकानदारांचा प्रयोग मराठीत करायचा आहे. त्या डच जोडीसारखी एक जोडी मराठीत आयतीच आहे: ‘दुकान कितीला बंद होतं?’ आणि ‘दुकान किती वाजता बंद होतं?’ उत्तर ‘नऊला’ येतं की ‘नऊ वाजता’, एवढंच वहीत टिपायचं. नवी पेठेपासून सुरुवात करायची, एका दुकानाला एकच प्रश्न, आणि कोणता विचारायचा ते प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवायचं. कशासाठी विचारतोय हे दुकानदाराला आधी सांगायचं नाही. आम्ही दोघं रविवारी निघतोय.