पावसाळ्यात टायरची हवा कमी केली की ग्रिप वाढते?

मृगाच्या सरी आल्या की नागपूरच्या पंक्चरवाल्यांकडे एक सल्ला हमखास मिळतो: "भाऊ, पाच-सात पॉइंट हवा कमी करा, गाडी घसरणार नाही." कारण पटण्याजोगं वाटतं: टायर पसरतो, जास्त रस्ता धरतो. पण हे खरं आहे ते वाळूत, फार तर चिखलात, कारण तिथे चाक रुतायचं नसतं. वर्धा रोडच्या सिमेंटवर पाणी साचलं की प्रश्नच वेगळा असतो: टायरखालचं पाणी बाहेर काढायचं कसं?

ते काम टायरच्या खाचा करतात. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, तिथल्या खाचा मिटतात, पाणी अडकतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. नासाच्या जुन्या सूत्रानुसार हा तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो; म्हणजे ३२ची हवा २४ केली की गाडी सुमारे १३ टक्के कमी वेगातच तरंगू लागेल. घसरणं टाळायला केलेला हा उपाय उलटाच!

हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच भरा, तीही टायर थंड असताना. आणि कारच्या टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल, तर हवेचा वाद सोडा, टायर बदला.